हद्दीवरची भट्टी

मी मोजणीदार. किथिरा बेटावर शनिवारी उतरलो,
तिपाई, फीत आणि दोन सह्या राहिलेला एक कागद घेऊन.
रविवारी वाऱ्यानं बोट अडवली,
म्हणून सोमवारी पहाटे मी अजून तिथंच,
पोलिक्सेनीच्या कोठीत, कांद्याच्या माळांखाली जागा.

नकाशात खोट नव्हती.
रेघ लिंबाच्या बुंध्यापासून निघते,
विहिरीला डावीकडे टाकते
आणि थेट भट्टीच्या पोटातून जाते.
तोंड अर्गिरोच्या अंगणात.
पाठ आणि धुराडं पोलिक्सेनीच्या.

दोघी सख्ख्या जावा. अकरा वर्षं अबोला.
कशावरून, विचारलं
तर एकीनं शेळी सांगितली,
दुसरीनं शवपेटीचा खर्च.

त्या सोमवारी उपासाचे दिवस लागतात.
त्याच एका दिवशी लगाना भाजतात:
पोळी म्हणावी तर जाड, पाव म्हणावा तर चपटी,
लांबट, अंगभर बोटांचे खळगे, वर तीळ.
मंगळवारी ती कुणी करत नाही.
मागतही नाही.

अर्गिरोनं कंदील टांगला, परात ओढली.
पीठ, कोमट पाणी, मीठ, पेल्यात फसफसलेलं यीस्ट.
मळताना ती पुटपुटत आकडे मोजत होती, तीनशेपर्यंत;
मध्येच मला कॉफी विचारली
आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

भिंतीपलीकडून फांद्या येऊन पडू लागल्या.
ऑलिव्हच्या, छाटलेल्या, वर्षभर वाळवलेल्या,
एकेक, हाक न मारता.
अर्गिरोनं त्या उचलल्या
जशा काही झाडावरूनच गळाल्या होत्या.

विस्तव खाली बसला. निखारे कडेला सारून
ओल्या फडक्याच्या काठीनं तिनं भट्टीची जमीन पुसली
आणि मूठभर पीठ आत भिरकावलं.
क्षणात काळं.
"थांब," पलीकडून आवाज आला.
करपल्याचा वास गेला असणार भिंतीवरून.
मला वाटलं मलाच म्हणतेय. मी थांबलो.
अकरा वर्षांतला तो पहिला शब्द होता,
हे मला दुपारी कॉफीवाल्यानं सांगितलं.

अर्गिरो थांबली. कमरेवर हात ठेवून,
धुराड्याकडे बघत, बराच वेळ.
दुसरी मूठ बदामी झाली.

"हात धुतलेस? मग टोच."
मी टोचलं. चार बोटं अंतर, सरळ ओळी,
खुणेचे दगड रोवावेत तसं.
ती हसली. "हे काय शेत आहे?"
आणि माझ्या ओळींवरूनच दहाही बोटं नाचवत गेली,
पार टोकापर्यंत. पिठात नखाएवढीही हद्द उरली नाही.

सात झाल्या.
तीन फडक्यात गुंडाळून भिंतीवरून दिल्या, माझ्या हातून,
कारण मी उंच. असं कारण सांगण्यात आलं.
थोड्या वेळानं पलीकडून: "मीठ कमी."
अर्गिरो मला म्हणाली,
"तिला सांग, तिच्या सासूच्या हातची चव मी कुठून आणू?"
तिची सासू म्हणजे हिचीही.
मी काहीच सांगितलं नाही. दोघींनाही ऐकू आलंच होतं.
मग भिंतीवर एक बरणी दिसली,
मिठातले काळे ऑलिव्ह. धरणारा हात दिसला नाही.

सातवी आम्ही उभ्यानंच तोडली, गरम, बोटं पोळत.
टेकडीवर पोरांचे पतंग चढले होते;
एक तुटला, कुणाच्या छपरावर गेला
ते बघायला दोन्ही अंगणांतून माना वर झाल्या.
नंतर दिवसभर कुणीच कुणाशी बोललं नाही.

मंगळवारी वारा पडला, बोट सुटली.
कागदावर अजूनही एकच सही.
कार्यालयात साहेबांनी नकाशा उलगडला.
"रेघ पक्की?"
हो म्हटलं.
आणि घडीतून टेबलावर पडलेला तीळ
ओल्या बोटानं टिपून खाल्ला.